बदामाचा पाचोळा आधी चुरा, मग कुंडीत घाला

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत फेब्रुवारी लागला की बदामाची पानं लालभडक होतात आणि रोज ढिगाने गळतात. मागोमाग पिंपळ. मुंबईची पानगळ अशी उन्हाळ्याच्या तोंडावर येते ते आपल्या पथ्यावरच पडतं, कारण कुंडीतली माती झाकायची खरी गरज एप्रिल-मेमध्येच असते. झाडूवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, पाचोळा गाडीत टाकू नका. होळीच्या आत गोण्या गच्चीवर न्या, नाहीतर पोरं त्या उचलून होळीत घालतात. एरवीही काडी लावणारे असतातच. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दिलाय, हे सेक्रेटरींच्या कानावर घाला.

पान गोळा करताना हात आखडता घेऊ नका; चुरल्यावर भरलेल्या गोणीचं अगदी थोडं उरतं. फक्त निवडून घ्या. गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिक आणि पांढरा पिठ्या ढेकूण लागलेली पानं बाहेर. गुलमोहर आणि रेन ट्रीची पानं मुळातच बारीक, ती तशीच चालतात. आंबा, फणस, उंच अशोक यांची पानं चिवट. ती वेगळी ठेवा, लवकर चुरत नाहीत.

बदामाचं पान अख्खं कधीच घालू नका. भिजलं की पानावर पान चिकटून मातीवर ताडपत्री बसते, पाणी वरून वाहून कुंडीबाहेर जातं आणि खाली मुळं कोरडीच. म्हणून चुरायचं. सकाळी दव धरलेलं पान नुसतं वाकतं, मोडत नाही. गच्चीवर पसरून ठेवा आणि दुपारी दोन-तीनला, मुठीत कुरकुरायला लागलं की हात घाला. तागाची गोणी अर्धीच भरायची, तोंड बांधायचं आणि चपला घालून वर चालायचं. मधेमधे गोणी उलटी करायची. आमच्या मजल्यावरची पोरं हे काम फुकट करतात, उलट नंबर लावतात. नाकाला ओढणी बांधा, धूळ फार उडते. उरलेले देठ आणि जाड शिरा काढून नव्या कुंडीच्या तळाशी घाला. माळ्याकडे दोरीने गवत कापायचं मशीन असेल तर मोठ्या ड्रममध्ये पानं घालून तेही फिरवता येतं, पण डोळ्यांना चष्मा हवाच. विकतच्या श्रेडरची चाळीस-पन्नास कुंड्यांना काही गरज नाही.

कुंडीला आधी भरपूर पाणी, मग चुऱ्याचा दोन इंच थर. खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडा. चुरा खोडाला टेकला की तिथे ओल राहते आणि साल कुजते. वरून लगेच पाणी शिंपडा, नाहीतर वाऱ्याने सगळं खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. नुकतं बी पेरलं असेल तर रोप चार पानांचं होईपर्यंत थांबा. अडेनियम आणि निवडुंगाला अजिबात नको. चुरा मातीत कालवायचा नाही, वरच राहू द्यायचा. कालवला तर कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. आता रोज पाणी घालायची सवय मोडा. थर बाजूला करून बोट खुपसा, आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नाही. मोगरा, जास्वंद आणि मिरचीला फरक लगेच दिसतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की थर निम्मा करा. चार महिने भिजलेला पाचोळा म्हणजे गोगलगायींची धर्मशाळा. काढलेला चुरा ओल्या कचऱ्याच्या खतात जिरवा, भाजीच्या देठांची पचपच तो शोषून घेतो आणि वासही कमी होतो.

एक गोणी मात्र कोरडी राखून ठेवा, जमिनीपासून वर, दोन विटांवर, म्हणजे उंदीर घर करत नाहीत. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की ती लागतेच, आणि तेव्हा झाडांवर गळण्याजोगं पान नसतं.