फॅक्टोरिओमध्ये नको असलेल्या वरच्या दर्जाच्या मालाची विल्हेवाट

कारखाने उभारण्याच्या 'फॅक्टोरिओ' या व्हिडिओ गेमचा 'स्पेस एज' हा विस्तार ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि त्याबरोबर वस्तूंना नॉर्मल, अनकॉमन, रेअर, एपिक आणि लेजंडरी असे पाच दर्जे आले. असेंबलरला, म्हणजे वस्तू बनवणाऱ्या यंत्राला, रेसिपीसोबत दर्जाही ठरवून दिलेला असतो आणि तो नेमक्या त्याच दर्जाचे सुटे भाग घेतो. त्यामुळे नॉर्मल गिअरांच्या बेल्टवर एखादा अनकॉमन गिअर आला, की इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) त्याला हात लावत नाही. तो बेल्टच्या टोकाशी पडून राहतो, त्याच्यामागे दुसरा येऊन थांबतो आणि अखेर उत्पादन बंद पडते. बेल्ट मात्र भरलेला दिसतो, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

माझ्या मते खरा उपाय मुळाशीच करायला हवा. मुख्य बसला (साऱ्या कारखान्याला माल पोचवणाऱ्या समांतर बेल्टना) माल पुरवणारी खाणयंत्रे, भट्ट्या आणि सुटे भाग बनवणारे असेंबलर यांच्यात क्वालिटी मॉड्यूल, म्हणजे वरच्या दर्जाची वस्तू निघण्याची शक्यता वाढवणारी जोडणी, बसवू नयेत. तिसऱ्या पातळीची चार साधी मॉड्यूल बसवली, तर शंभरातल्या सरासरी दहा वस्तू वरच्या दर्जाच्या निघतात आणि सुट्या भागाला तो दर्जा स्वतःहून काहीच लाभ देत नाही. मॉड्यूल अंतिम वस्तूंच्या असेंबलरमध्ये बसवून माल थेट चेस्टमध्ये (पेटीत) उतरवावा. अनकॉमन अॅक्युम्युलेटर ५ ऐवजी १० मेगाज्यूल ऊर्जा साठवतो, त्यामुळे असा माल टाकून द्यायची वेळच येत नाही. संशोधनासाठी लागणाऱ्या सायन्स पॅकचेही तसेच आहे: प्रयोगशाळा कोणत्याही दर्जाचे पॅक स्वीकारते आणि वरच्या दर्जाचा पॅक अधिक काळ पुरतो.

तरीही मॉड्यूल लावलेल्या प्रत्येक ओळीला बाहेर पडण्याची वाट हवीच. आवृत्ती २.० पासून सर्वच इन्सर्टरना फिल्टर लावता येतो, तेव्हा 'नॉर्मलपेक्षा वरचा' अशी अट घालून तो माल चेस्टमध्ये काढावा. चेस्टला तारेने जोडलेला दुसरा इन्सर्टर साठा, समजा, २०० च्या पुढे गेल्यावरच चालू व्हावा आणि त्याने जादा माल रिसायकलरकडे, म्हणजे वस्तू मोडणाऱ्या यंत्राकडे, द्यावा.

फुल्गोरा या ग्रहावर मिळणारा रिसायकलर वस्तूच्या घटकांपैकी सरासरी २५ टक्के परत देतो. लोखंडी पत्र्यासारखी ज्याचे घटक निघत नाहीत अशी वस्तू चारातून एकदाच परत येते. म्हणून बाहेर पडणारा माल बेल्टने पुन्हा त्याच रिसायकलरकडे वळवला, की तो हळूहळू संपतो. या रिसायकलरमध्ये क्वालिटी मॉड्यूल मुळीच ठेवू नयेत, नाहीतर नष्ट करायला घेतलेला मालच आणखी वरच्या दर्जाचा होऊन निघेल. लो डेन्सिटी स्ट्रक्चरच्या बाबतीत विशेष जपावे लागते. त्यात २० तांब्याचे पत्रे, २ पोलादी पत्रे आणि ५ प्लास्टिक लागतात, त्यामुळे एक नग मोडला की सरासरी पावणेसात वस्तू बाहेर येतात आणि बेल्टचे हे वर्तुळ तुंबते. यासाठी वर्तुळातल्या संपूर्ण बेल्टची मोजणी तारेने घ्यावी आणि त्यावरील माल ठरावीक संख्येखाली आल्यावरच नवा नग आत सोडणारा इन्सर्टर चालू होईल अशी अट घालावी.

व्हल्कॅनस या ग्रहावर एवढा खटाटोप लागत नाही, कारण तिथे इन्सर्टर नको असलेली वस्तू सरळ लाव्हात टाकतो. अंतराळ प्लॅटफॉर्मवरही त्याच पद्धतीने ती काठाबाहेर टाकता येते.