आभाळातून पडलेली वस्तू: शास्त्रज्ञ पोहोचेपर्यंत छांदिष्ट माणसाने करायची कामं

शेतात काहीतरी पडलं, की गावात पहिला फोन पोलीस पाटलाला जातो आणि दुसरा 'त्या आकाश बघणाऱ्या'ला. संरक्षण प्रयोगशाळेतले किंवा अवकाश खात्यातले लोक बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तोवर वस्तू चार जणांनी उचललेली असते, धुतलेली असते, तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं असतं. शास्त्रज्ञांकडे यंत्रं असतात, पण पहिल्या दोन तासांत ते तिथे नसतात. छांदिष्ट माणूस तिथे असू शकतो. त्याने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथे पुण्याचा परिसर डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी लांबूनच बघा

वस्तू धातूची असेल तर किमान शंभर मीटरवर थांबा. वाऱ्याची दिशा बघा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. रॉकेटच्या आणि उपग्रहाच्या टाक्यांमध्ये हायड्राझीन जातीचं इंधन उरलेलं असू शकतं. त्याला अमोनियासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वास यायला लागला म्हणजे सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे. त्यामुळे 'वास येतो का बघू' म्हणून जवळ जाऊ नका. लालसर-तपकिरी धूर दिसला तर तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, म्हणजे रॉकेटचं इंधन जाळायला वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनाचा असू शकतो. तिथून माणसांना आणि जनावरांना हटवा, ११२ ला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या १०७७ ला फोन करा.

दुसरा धोका जमिनीवरचाच आहे. पुणे आणि नगर भागात लष्कराची सरावाची मैदानं आहेत, आणि 'आकाशातून पडलेली' म्हणून दाखवली जाणारी वस्तू न फुटलेला तोफगोळा निघू शकते. शेपटीचे पंख, पितळी किंवा तांब्याचा कडा, रंगाचे पट्टे, कोरलेले आकडे यातलं काहीही दिसलं तर तुमचं काम संपलं. हात न लावता मागे फिरा आणि बॉम्बशोधक पथकाची वाट पाहा. पाषाणची आयुध संशोधन प्रयोगशाळा आणि सुतारवाडीची स्फोटकांची प्रयोगशाळा इथेच असल्या, तरी त्यांच्या फाटकावर वस्तू घेऊन कुणी जाऊ नये. रस्ता पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच आहे.

थर्माकोलचं छोटं खोकं, फाटलेलं रबर आणि दोरी असेल तर तो बहुधा हवामानाचा फुगा असतो. मोठं पॅराशूट आणि यंत्रांची पेटी असेल, तर हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सोडलेला बलून असू शकतो. पेटीवरची सूचना वाचा आणि पेटी उघडू नका.

पिशवीत काय ठेवावं

पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, झिपच्या पिशव्या, दहा सेंटिमीटरची पट्टी, होकायंत्र, पेन्सिल, वही, १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकाचा काटा, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधं, कमजोर फेराइट चुंबक. निओडिमियमचं चकचकीत चुंबक घरी ठेवून या. उल्केच्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असते आणि निओडिमियम एका स्पर्शात ती पुसून टाकतं. असं चुंबक फिरवल्यामुळे अनेक नमुन्यांमधली ही माहिती गेली आहे.

जागेवरची नोंद

वस्तू हलवण्याआधी फोटो काढा: चारही बाजूंनी, वरून, पट्टी शेजारी ठेवून, एका फोटोत उत्तर दिशेचा बाण. फ्लॅश नको, पृष्ठभाग चमकतो. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा, म्हणजे जागा साधारण मीटरभराच्या अचूकतेने ठरते. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले तर ते दाबले जातात आणि त्यातली जागेची-वेळेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

खड्डा असेल तर रुंदी, खोली आणि तिरका असेल तर कोणत्या दिशेने, हे मोजा. फांदी तुटली असेल, कौल फुटलं असेल, तर ते तुकडेही नमुनाच आहेत. तुटक्या कौलाचं भोक आणि जमिनीवरचा खड्डा जोडणारी रेषा म्हणजे वस्तू कुठल्या कोनात आली त्याचा थेट पुरावा.

'दगड लालबुंद होता, गवत पेटलं' असं कुणी सांगितलं तर लिहून घ्या, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. उल्का पंधरा-वीस किलोमीटर उंचीवरच विझते. तिथून खाली ती अंधारात, ताशी काहीशे किलोमीटर वेगाने नुसती पडते. हाताला गार किंवा कोमट लागते, आणि खड्डाही बहुधा वीतभरच असतो.

साक्षीदार

'किती लांब होतं?' हा प्रश्न विचारूच नका. माणूस अंतर सांगतोच, आणि ते हटकून चुकतं. अग्निगोल (खूप तेजस्वी उल्का) पलीकडच्या टेकडीमागे पडला असं वाटतं, प्रत्यक्षात तो शे-दोनशे किलोमीटरवर असू शकतो. माणसाला तो उभा होता त्याच जागी उभं करा आणि बोटाने दाखवायला सांगा: कुठे दिसला, कुठे संपला. प्रत्येक टोकाची दिशा होकायंत्राने घ्या, गाडी आणि विजेच्या खांबापासून दूर उभं राहून. उंचीसाठी हात ताठ धरून मूठ मोजा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश. 'पाण्याच्या टाकीच्या वर दोन मुठी' हे वाक्य 'खूप उंच' पेक्षा शंभरपट कामाचं.

मग किती वेळ दिसलं ते. मनात नाही, तोंडाने मोजायला लावा आणि हातातल्या घड्याळाशी ताडून पाहा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांतच संपते. उपग्रहाचा किंवा रॉकेटचा अवशेष सेकंदाला सुमारे साडेसात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो मिनिटभर किंवा जास्त दिसतो आणि तुकड्यांची रांग मागे ओढत जातो.

आवाज आला असेल तर प्रकाशानंतर किती वेळाने ते विचारा. आवाजाला एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. ३० किलोमीटर उंचीवरचा स्फोट डोक्यावर झाला असेल तरी धमाका दीड मिनिटाने येतो. त्या मिनिटांचा हिशेब नीट लागला तर उंचीचा अंदाज बसतो.

एकाच गावातले वीस साक्षीदार एका साक्षीदाराइतकेच. एक चाकणचा आणि एक सासवडचा मिळाला, तर दोन रेषा नकाशावर छेदता येतात.

सीसीटीव्ही या सगळ्यांपेक्षा विश्वासू साक्षीदार आहे, पण त्याचं घड्याळ खोटं बोलतं. सोसायटीच्या डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीची) वेळ पाच-दहा मिनिटं मागेपुढे असणं नेहमीचं आहे. डीव्हीआरच्या पडद्यावर आत्ताची वेळ आणि शेजारी मोबाइलची सेकंदासह वेळ, दोन्ही एकाच फोटोत घ्या. तो फरक फुटेजच्या वेळेला लावायचा. मग त्याच कॅमेऱ्यात दिसणारे गच्चीचे कोपरे, खांब, टाक्या यांच्या दिशा त्या जागी जाऊन मोजा, म्हणजे फ्रेममधली रेघ अंशांत बदलता येते. घाई करा: पुष्कळ डीव्हीआर आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून नवं लिहितात.

दगड असेल तर

इथे पुण्यात सगळ्यात मोठी फसगत होते. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारं लोहखनिज असतं. त्यामुळे काळा, जड, चुंबकाला ओढणारा दगड हडपसरपासून मुळशीपर्यंत कुठेही सापडतो. दुसरी फसवणूक भोसरी-पिंपरीकडच्या ओतकामाच्या मळीची, म्हणजे धातू वितळवताना निघणाऱ्या टाकाऊ थराची: काळी, काचेसारखी, बुडबुड्यांनी भरलेली.

बुडबुडे हीच पहिली खूण. उल्केच्या दगडात पोकळ बुडबुडे जवळजवळ नसतात. बसाल्टमध्ये असतात, आणि त्यांत बऱ्याचदा पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरलेले दिसतात. तसा पांढरा ठिपका दिसला की विषय संपला. ताज्या उल्केवर अंड्याच्या कवचाइतकं पातळ, काळं, मंद साल असतं, आणि कुठे टवका उडाला असेल तर आतला रंग राखाडी दिसतो. ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. बसाल्ट आतूनही काळाच.

चुंबक दोऱ्याला टांगा आणि हळूच जवळ न्या. ओढ लागते का एवढंच बघायचं. ओढ लागली म्हणून उल्का ठरत नाही.

घनता मात्र खूप सांगते. पण ही चाचणी ताज्या पडलेल्या दगडावर करू नका, पाणी आत शिरलं की नमुना बिघडतो. जुन्या, संशयित दगडाला चालते. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. जो आकडा येईल तो दगडाचं घनफळ, मिलिलिटरमध्ये. कोरडं वजन ६१२ ग्रॅम आणि आकडा २१४ आला, तर घनता २.८६, म्हणजे बसाल्ट. १७५ आला तर ३.५, म्हणजे साध्या उल्केच्या पट्ट्यात, आणि पुढे तपासायला कारण आहे. दगड तळाला टेकला की आकडा वाढतो आणि घनता कमी येते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

चकचकीत न केलेल्या टाइलच्या मागच्या बाजूवर घासलात आणि लालसर-तपकिरी रेघ आली तर तो हेमॅटाइट (दुसरं एक लोहखनिज), काळी आली तर मॅग्नेटाइट असण्याचा संभव आहे. उल्का सहसा रेघ उमटवत नाही किंवा फिकट राखाडी उमटवते.

निकेलची चाचणी फक्त लोखंडी तुकड्यावर, आणि फक्त एका कोपऱ्यावर. कोपरा कानसेने जरा घासा, व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर चोळा, बोळ्यावर अमोनियाचा थेंब आणि मग डायमिथिलग्लायऑक्सिम या निकेल ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाका. गुलाबी झाला तर निकेल आहे. पण स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं, त्यामुळे नकार जितका पक्का तितका होकार नाही.

धातूची वस्तू असेल तर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात तुकड्यांची रांग पाहिली, आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग आणि आसपास गोल टाक्या सापडल्या. चीनच्या चांगझेंग-३बी रॉकेटचा टप्पा त्याच वेळी वातावरणात शिरला होता, आणि त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच आहे. असा ताळा जुळण्यासाठी व्यास, घेर, भिंतीची जाडी, बोल्टांच्या भोकांमधलं अंतर ही मापं लागतात. नुसता फोटो पुरत नाही.

गोल टाक्याच का सापडतात? त्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात आणि ते १६६८ अंश सेल्सियसला वितळतं. काहींवर काळ्या कार्बन धाग्यांची गुंडाळी असते. ते तंतू त्वचेत आणि फुप्फुसात जातात, म्हणून सुटलेल्या धाग्यांना हातमोज्यांशिवाय शिवू नका.

ही वस्तू भंगारवाल्याला देऊ नये आणि घरीही ठेवू नये. १९६७ च्या अंतराळ करारानुसार ती ज्या देशाची होती त्याचीच राहते, आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानाची भरपाई त्या देशाने द्यायची असते. पत्रा फुटला, बैल मेला, तर मापांसह लिहून ठेवलेला पंचनामाच उपयोगी पडतो.

सोपवताना

ताजी उल्का असेल तर तास मोजा. तिच्यातलं किरणोत्सारी सोडियम-२४ पंधरा तासांत निम्मं होतं, बेरिलियम-७ त्रेपन्न दिवसांत. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत यांतून निघणारे गॅमा किरण मोजतात, आणि देशात पडलेल्या उल्कांचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. नमुना हातमोज्यांनी उचला, फॉइलमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत ठेवा, फॉइलच्या बाहेर पण पिशवीच्या आत सिलिका जेल. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई आणि कागदाचे तंतू चिकटतात.

पंचनाम्यात तुकड्यांची संख्या आणि प्रत्येकाचं वजन असू द्या. नमुना पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत जाणार असेल तर कोरड्या कपाटात ठेवायची विनंती लेखी द्या. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला उल्केचा तुकडा थोड्या दिवसांत गंजायला लागतो. लाखेचं सील पिशवीवर, दगडावर नाही.

प्रयोगशाळेचे लोक आल्यावर त्यांना तुमचं मत नको असतं, नोंद हवी असते. एक पान पुरे: वेळ, जागा, वस्तूची मापं, साक्षीदारांच्या दिशा-उंची, सीसीटीव्हीचा फरक. 'परग्रह' हा शब्द त्या पानावर नको, 'उल्का आहे' हेही नको. तुम्ही पाहिलं आणि मोजलं तेवढंच. त्यांच्या आवारात बोलावलं तर फोन फाटकावर जमा होतो, आत फोटो काढायचा नाही, आणि तिथे जे कळेल ते बाहेर सांगायचं नाही. एवढं पाळलं तर पुढच्या वेळी ते स्वतःहून फोन करतात.

पानाच्या तळाशी कोणी, केव्हा, कशाने हात लावला ते क्रमाने लिहा. पूजा झाली असेल तर तीही लिहा: हळद कुठल्या बाजूला लागली, नारळाचं पाणी पडलं का, दगड कुठल्या पाण्याने धुतला. प्रयोगशाळेत मग त्या बाजूचा तुकडा बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूचा तपासायला घेता येतो.