खाणीच्या आम्ल पाण्यातले धातू काढताना या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलेली मुलं कधीकधी आधी कॅन घेऊन पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीवर जातात. तिथलं पाणी आम्ल निघत नाही, आणि ती हिरमुसतात. आपला काळा पत्थर बेसाल्टचा, त्यात पायराइट नगण्य. लोह आणि गंधकाचं हे खनिज हवा-पाण्याला उघडं पडलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि खडकातलं ॲल्युमिनियम, मँगेनीज, जस्त पाण्यात उतरतं. तसं पाणी हवं तर मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांसारखा, भरपूर गंधक असलेल्या कोळशाचा पट्टा गाठावा लागतो.

आणि खरी फसगत तिथूनच सुरू होते. असाच एक कॅन रेल्वेनं पुण्यात आला होता. भरताना पाणी नितळ होतं, माझ्या टेबलावर पोचेपर्यंत तळाशी हळदीसारखा गाळ. मुलांनी वरचं पाणी गाळून तपासलं आणि वहीत लिहिलं, ‘लोह फार कमी’. लोह कुठं गेलं नव्हतं, तळाशी बसलं होतं. बसताना त्यानं आम्ल सोडलं, त्यामुळे पीएचही घसरला होता. म्हणून विरघळलेल्या धातूंचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. आम्लता मोजायची बाटली वेगळी ठेवा: काठोकाठ भरलेली, आम्ल न घातलेली, बर्फात.

चुना घालून पीएच वाढवला की विरघळलेले धातू गाळ होऊन तळाशी बसतात. इथली दुसरी चूक मला सगळ्यात महाग वाटते: नुसत्या पीएचवरून चुन्याचा डोस काढणं. समजा पीएच ३ आहे, लिटरमागे २०० मिलिग्रॅम फेरस (अजून ऑक्सिडीकरण न झालेलं) लोह आणि ५० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम आहे. पीएचमुळे दिसणारी आम्लता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला फक्त ५० मिलिग्रॅम. लोहाची मात्र सुमारे ३५८ आणि ॲल्युमिनियमची २७८. म्हणजे विझवलेला चुना ३७ नव्हे, तर लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास लागणार. मीटरवरचा आकडा धातूंच्या पोटातलं आम्ल दाखवत नाही.

‘पीएच ७ झाला, काम झालं’ हेही चुकीचं. फेरिक (ऑक्सिडीकरण झालेलं) लोह साडेतीनच्या पुढे बसायला लागतं, ॲल्युमिनियम पाच ते साडेसहाच्या दरम्यान. मँगेनीजला साडेनऊच्या आसपास जावं लागतं, पण नऊच्या वर ॲल्युमिनियम पुन्हा विरघळतं. त्यामुळे दोन टप्पे करा: आधी साडेसहापर्यंत आणून गाळ वेगळा काढा, मग वर न्या. एकाच बीकरमध्ये दोन्ही साधायचा हट्ट केला की एक धातू जातो आणि दुसरा परत येतो.

गाळ हिरवट दिसतोय? फेरस लोहाचं ऑक्सिडीकरण झालेलं नाही. आणखी चुना ओतू नका, हवा द्या. ७ मिलिग्रॅम लोहाला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो. पाच ते आठ या पट्ट्यात पीएच एकानं वाढला की हा वेग जवळपास शंभर पटींनी वाढतो, म्हणून पीएच ६ ला तासन्‌तास बुडबुडे सोडून कंटाळण्यापेक्षा साडेसात-आठला थोडा वेळ हवा दिलेली बरी. गाळ तांबूस झाला की समजा जमलं.

स्वस्त म्हणून चुनखडीच्या खड्यांचा कॉलम लावणार असाल, तर आत येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन, फेरिक लोह आणि ॲल्युमिनियम नको. नाहीतर खड्यांवर तांबडं कवच चढतं आणि आतली चुनखडी तशीच पडून राहते. एक खडा फोडून बघा, आत पांढराशुभ्र निघेल.

राहिला गाळ. साध्या चुन्याच्या प्रक्रियेतला गाळ पातळ असतो, घन भाग १ ते ५ टक्के. तो फेकू नका. पुढच्या खेपेचा चुना आधी याच गाळात कालवा आणि मग पाण्यात सोडा. मोठ्या प्रकल्पांत याच पद्धतीनं २० टक्क्यांच्या वर घट्ट गाळ मिळतो. तुमच्या मोजपात्रात दर फेरीला अर्ध्या तासानं गाळाची उंची वाचा आणि तारखेसकट वहीत टिपा.