दमट हवेतील सँडविच: कोकणातल्या घरासाठी काही कृती

मुंबईच्या गाडीवरचे काकडी, टोमॅटो आणि हिरव्या चटणीचे सँडविच हातात पडताच खाल्ले जाते, म्हणून त्यातील पाणी तेथे कोणाला खटकत नाही. गुहागर किंवा वेंगुर्ल्याच्या दमट हवेत तेच सँडविच रात्रीच्या हलक्या जेवणासाठी आधी करून ठेवले, तर पावाचा लगदा होतो. म्हणून सारणाच्या चवीपेक्षा त्यातील पाण्याचा विचार येथे आधी करावा.

पाव अगदी ताजा नसावा. आदल्या दिवशीचा पाव सारण चांगले पेलतो. फ्रिजमध्ये ठेवलेला पाव लवकर वातड होतो, त्यामुळे उरलेला पाव घट्ट बांधून फ्रीझरमध्येच ठेवावा. एका कापावर जरी बुरशी दिसली, तरी तेवढा तुकडा काढून बाकीचा वापरण्याची काटकसर करू नये. दोन्ही कापांच्या आतल्या बाजूंना अगदी कडेपर्यंत लोणी लावावे, कारण स्निग्धांशाच्या थरातून सारणाचे पाणी पावात सहज उतरत नाही.

चटणीसाठी एक वाटी ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धा इंच आले, दोन चमचे किसलेली कैरी आणि चवीपुरते मीठ घेऊन पाणी न घालता वाटावे. मिक्सर अडला तरी पाण्याचा मोह टाळून तो थांबवत, कडेचे वाटण खाली ढकलत पुन्हा फिरवावा. चटणी तरीही ओलसर वाटली, तर चमचाभर डाळे घालावे, म्हणजे ते ओलावा शोषून घेते. कैरीचा हंगाम नसेल तेव्हा दोन भिजवलेली आमसुले चालतात. त्यांनी चटणीचा हिरवा रंग मळकट होतो, पण माझ्या मते चव अधिक खुलते. ओले खोबरे उकाड्यात लवकर आंबते, म्हणून चटणी त्या वेळेपुरतीच करावी. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी त्या पिळून घ्याव्यात आणि टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा.

सारणांत मला कोवळ्या फणसाची भाजी सर्वांत उजवी वाटते. फणस उकडून, निथळून ठेचावा. मोहरी, हिंग आणि सुक्या मिरच्यांच्या फोडणीवर तो घालून झाकण न ठेवता परतावा आणि वाफ येणे जवळजवळ थांबले की वरून थोडे खोबरे घालावे. ही भाजी पूर्ण गार झाल्यावरच पावात भरावी.

दुपारचा तळलेला बांगडा उरला असेल आणि तो लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल, तर मधला काटा काढून, उरलेले बारीक काटे बोटांनी चाचपून वेचावेत आणि त्यात चिरलेला कांदा, मिरपूड व कोकमाच्या आगळाचे काही थेंब मिसळावेत. आगळात मीठ असते, हे ध्यानात ठेवून वरून मीठ घालावे. हे सँडविच डब्यात देऊ नये. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी दुर्मीळ होते. तेव्हा सुका जवळा निवडून, भाजून, चाळून, झटपट धुऊन पिळावा आणि तेलात कांदा, हळद व तिखटासह कोरडा होईपर्यंत परतावा. त्याचा वास आणि खारटपणा उग्र असल्यामुळे पातळ थर पुरेसा होतो.

भाजण्यासाठी जाड तवा आणि मंद आच घ्यावी. सँडविचवर ताटली आणि तिच्यावर पाण्याचे भांडे ठेवून प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे खरपूस करावी. उतरवलेले सँडविच सपाट ताटात न ठेवता जाळीवर ठेवावे, नाहीतर त्याच्याच वाफेने खालची बाजू ओली होते. पाव नसेल तेव्हा दोन जाडसर आंबोळ्यांमध्ये हेच सारण भरता येते. मात्र आंबोळ्या आधी गार होऊ द्याव्यात.

मुलांसाठी लोणी लावलेल्या पावात आंबापोळीचे पातळ काप आणि काजूचे तुकडे भरावेत. हे सँडविच तव्यावर ठेवू नये, कारण साखरेमुळे कडेने बाहेर आलेली आंबापोळी चिकटते आणि चटकन करपते.