वापरलेली हॅचबॅक चालवायला अधिक मजेदार कशी करावी

वापरलेली हॅचबॅक हाती आली की बहुतेकांचे लक्ष सर्वांत आधी इंजिनाची ताकद वाढवण्याकडे वळते. माझ्या मते हे काम यादीत अगदी शेवटी यावे. हॅचबॅक वजनाने हलकी आणि लांबीला आखूड असते, त्यामुळे ती वळणात कशी शिरते, ब्रेक दाबल्यावर कशी सावरते आणि स्टीअरिंगला किती तत्परतेने प्रतिसाद देते, यातच तिची खरी मजा असते. पुढील कामांचा क्रम याच विचाराने लावला आहे आणि तो शक्यतो मोडू नये.

गाडी आधी मूळ स्थितीत आणावी

आधीच्या मालकाने केलेल्या देखभालीची खात्रीशीर नोंद नसेल, तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि गिअरबॉक्सचे ऑइल लगेच बदलून घ्यावे. इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा) असेल आणि तो केव्हा बदलला हे कागदावर नसेल, तर तोही बदलावा, कारण अनेक इंजिनांमध्ये हा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.

त्यानंतर सांधे तपासावेत. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ठोकळे लावून गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलावा आणि लगेच भक्कम स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. आता चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवावे. ‘टक्’ असा आवाज होऊन हाताला ढिलेपणा जाणवला, तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजल्याची शक्यता असते. फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावरच ढिलेपणा जाणवला, तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, झिजलेला असतो. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशना, म्हणजे सांध्यातील रबरी कड्यांना, भेगा पडल्या आहेत का, हेही टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे. हे सुटे भाग फारसे आकर्षक नसतात आणि बाहेरून दिसतही नाहीत, तरी ते बदलल्यावर सैल वाटणारे स्टीअरिंग पुन्हा नेमके काम करू लागते, आणि हा फरक कोणत्याही शोभेच्या वस्तूपेक्षा कितीतरी अधिक समाधान देतो.

सर्वांत मोठा फरक टायरमुळे पडतो

प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो आणि वेग वाढवणे, थांबणे, वळणे ही सारी कामे तेवढ्याच रबराला करावी लागतात. म्हणून खर्चाचा मोठा वाटा येथे ठेवावा. टायरच्या कडेवर ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारा क्रमांक शोधून त्याचे शेवटचे चार अंक वाचावेत. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी वयाबरोबर रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, त्यामुळे १० वर्षांचा टायर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा.

मोठी रिम बसवायची असेल, तर चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासाइतकाच राहील असा टायर निवडावा, अन्यथा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. उदाहरणादाखल १८५/६५ आर१५ हा टायर घेऊ. त्याची रुंदी १८५ मिमी आणि कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी असते. वरची आणि खालची उंची १५ इंचांच्या रिममध्ये मिळवली की व्यास सुमारे ६२१.५ मिमी येतो. १९५/५५ आर१६ या टायरचा व्यास याच रीतीने सुमारे ६२१ मिमी भरतो, म्हणून ही अदलाबदल जमते. नव्या रिमच्या बोल्टच्या छिद्रांची मांडणी, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती बोल्टने टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर) आणि मधल्या छिद्राचा व्यास गाडीशी जुळला पाहिजे, तसेच टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. एक इंच वाढ पुरेशी आहे, असे मला वाटते. त्यापुढे गेल्यास टायरची कड फार बुटकी होते, खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो आणि चाक जड झाल्याने गाडीचा चपळपणा उलट कमी होतो. चाके बसवल्यावर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने) निर्मात्याने सांगितलेल्या मापाप्रमाणे आवळावेत आणि ५० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

ब्रेक

ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या फ्लुइडसाठी ही मर्यादा किमान २३० अंश सेल्सिअस असते, तर ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी ती १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने जुने फ्लुइड उकळून पेडल मऊ पडते ते यामुळेच. वापरलेली गाडी हाती आली की फ्लुइड बदलावे आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदलत राहावे. चांगल्या प्रतीचे पॅड बसवले तर रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५ किमीपर्यंत मध्यम जोराने वेग कमी करण्याची क्रिया दहाएक वेळा करावी, मध्ये पूर्ण थांबू नये आणि शेवटी ब्रेक थंड होईपर्यंत गाडी सावकाश चालवावी. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसण्यासाठी हे आवश्यक असते.

सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

शॉक अॅब्सॉर्बर नेहमी पुढची किंवा मागची जोडी मिळून बदलावेत. गाडी खाली आणण्यासाठी केवळ स्प्रिंग कापून घेणे धोकादायक आहे. उंची कमी करायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉक अॅब्सॉर्बर एकत्र घ्यावेत, आणि उंची २५ ते ३० मिमीपेक्षा अधिक कमी करू नये, कारण फार खाली आणलेल्या गाडीची सस्पेन्शनची (चाकांना आधार देणाऱ्या स्प्रिंग आणि दांड्यांच्या रचनेची) भूमिती बिघडते.

बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाचे वजन पुढे असते आणि पुढचीच चाके गाडी ओढतात, त्यामुळे वेगात वळताना गाडीचे नाक वळणाबाहेर सरकते. मागे थोडा जाड अँटी-रोल बार (वळताना गाडीचे कलणे रोखणारा, दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा दांडा) बसवल्यास ही सवय बरीच कमी होते. मात्र ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच अॅक्सिलरेटर सोडला, तर अशा गाडीची मागची बाजू घसरू शकते, म्हणून बदलानंतर सुरुवातीचे काही दिवस जपून चालवावे. सस्पेन्शनचे कोणतेही काम झाले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घ्यावीच.

चालकाची बैठक

येथे खर्च जवळजवळ नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचेल, अशा बेताने सीट लावावी. गिअर लिव्हर सैल वाटत असेल, तर आधी लिंकेजचे (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि इंजिन माउंटिंग (इंजिनाला धरून ठेवणारे रबरी आधार) पाहावीत. एअरबॅग असलेले स्टीअरिंग काढून शोभेचे दुसरे बसवू नये.

शेवटी इंजिन

नवे स्पार्क प्लग आणि स्वच्छ थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) यांनी गेलेला पिकअप परत येतो. मूळ डब्याऐवजी बसवलेला उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर (कोन फिल्टर) बोनेटखालची गरम हवा ओढतो, म्हणून आवाज वाढला तरी ताकद वाढेलच असे नाही. टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनात रिमॅपने, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलल्याने, फारसे काही मिळत नाही. टर्बो इंजिनात वाढ भरघोस असते, पण तो भार क्लच आणि गिअरबॉक्सला पेलावा लागतो. धुरातील प्रदूषक कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये. जे बदल कराल ते आपल्या भागातील नियमांत बसतात का हे आधी पाहावे, विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि रिमॅप केलात तर मूळ प्रोग्रॅमची प्रत मागून घ्यावी, म्हणजे गाडी विकताना किंवा दोष शोधताना ती मूळ स्थितीत आणता येईल.