तरुण अर्थशास्त्रज्ञांसाठी पुरस्कार: नियम आणि निवड

परिषद असो वा विद्यापीठाचा विभाग, पुरस्कार जाहीर करण्याआधी ‘तरुण’ कोणाला म्हणायचे ते ठरवा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे जॉन बेट्स क्लार्क पदक 40 वर्षांच्या आतल्यांना मिळते. 1947 साली पहिले पदक पॉल सॅम्युएलसन यांना मिळाले. ही वयाची अट आपल्याकडे जशीच्या तशी उचलू नका. महाविद्यालयांतले कितीतरी प्राध्यापक नोकरी लागल्यावर, पस्तिशी ओलांडून पीएचडी करतात, आणि वयाच्या अटीने नेमके तेच बाहेर पडतात. त्यापेक्षा पीएचडी जाहीर झाल्यापासून 7 वर्षे मोजा. बाळंतपण आणि दीर्घ आजारपण यांसाठी किती वर्षांची सवलत, तेही नियमातच लिहा. ती समितीच्या मर्जीवर सोडली, तर मागणाऱ्याला मिळते आणि संकोचणारी व्यक्ती अर्जच करत नाही.

छोट्या संस्थेने एकूण कारकिर्दीऐवजी एका शोधनिबंधाला पुरस्कार द्यावा. समितीला तो खरोखर वाचता येतो. अप्रकाशित निबंधही घ्या, कारण अर्थशास्त्रात पाठवलेला निबंध छापून यायला दोन-तीन वर्षे सहज जातात. मराठीतले लेखनही घ्या. स्वतःचे नाव स्वतः पाठवण्याची मुभा हवीच, नाहीतर ओळखी असलेल्या मार्गदर्शकांचेच विद्यार्थी पुढे येतात. अर्जासोबत निबंध, दोन पानी टिपण आणि सहलेखकांपैकी कोणी काय केले याचे सर्वांच्या सहीचे निवेदन मागवा. आपल्या विषयात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापतात, त्यामुळे पहिल्या नावावरून काहीच ठरत नाही.

समिती 5 जणांची, त्यातले 2 बाहेरच्या राज्यातले. उमेदवाराचा मार्गदर्शक, विभागातला सहकारी किंवा गेल्या 5 वर्षांतला सहलेखक समितीत असेल, तर त्या नावावरच्या चर्चेत त्याने खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. नुसते मत न देणे पुरत नाही. समोर बसलेल्या ज्येष्ठाच्या विद्यार्थ्याबद्दल कोणी मोकळे बोलत नाही.

प्रत्येक निबंध दोघांनी स्वतंत्रपणे वाचून बैठकीआधी लेखी गुण द्यावेत: प्रश्नाचे महत्त्व 35, पद्धतीचा काटेकोरपणा 40, मांडणी 25. दोघांत 20 हून जास्त गुणांचा फरक पडला की तिसरा वाचक नेमा. नियतकालिकाच्या नावाला गुण देऊ नका, ते काम संपादकांनी आधीच केलेले असते. अंतिम तिघांकडून डेटा आणि कोड मागवून मुख्य तक्ता पुन्हा काढून पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी सर्वांना मिळते, तिथे सबब चालवून घेऊ नका. बँकेची गोपनीय माहिती वापरली असेल, तर निदान कोड तरी तपासा.

योग्य निबंध आला नाही तर पुरस्कार न देण्याचे कलम घाला. क्लार्क पदकही 1953 साली कोणालाच दिले गेले नव्हते.

आता पैसा. 25,000 रुपये पुरस्कार आणि 20,000 रुपये प्रवास व छपाई धरली, तर 7 टक्के व्याजाने सुमारे साडेसहा लाखांची ठेव लागते. महागाईने रक्कम झिजते, म्हणून 8 लाख जमेपर्यंत घोषणा लांबवलेली बरी. देणगीदाराला समितीत जागा देऊ नका.

मानपत्रात विशेषणांऐवजी निबंधाने काय नवे दाखवले ते चार वाक्यांत लिहा. अंतिम यादीतल्या बाकीच्यांना 15 दिवसांत वाचकांचे शेरे नावे काढून पाठवा. पुढच्या मसुद्यासाठी त्यांना तेच उपयोगी पडतात.