हिवाळ्यात आरव्ही घेऊन उबेत राहायचंय? परवडणारा पार्क असा शोधा

अमेरिकेत रिटायर झालेली किंवा घरून काम करणारी बरीच मराठी मंडळी आता आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घ्यायला लागलीयत, आणि मिशिगन, शिकागो, न्यू जर्सी असल्या ठिकाणी घर असलं की नोव्हेंबरात सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा, तीन-चार महिने कुठेतरी गरम जागी जाऊन पडायचं. अशा लोकांना इकडे स्नोबर्ड म्हणतात, टेक्सासवाले विंटर टेक्सन म्हणतात. आता गाडी आपली, बेड आपला, किचन आपलं, म्हणजे उरला मोठा खर्च तो आरव्ही पार्कात गाडी लावून राहायच्या जागेच्या भाड्याचा, आणि तिथेच लोक गडबडतात, वेबसाइटवर रात्रीचा रेट बघतात, त्याला तीसने गुणतात आणि म्हणतात बापरे, याच्यापेक्षा हॉटेल बरं. तो रेट तुमच्यासाठी नसतोच हो, तो एक रात्र टेकून पुढे जाणाऱ्यासाठी असतो. राहायला येणाऱ्याला महिन्याचा रेट असतो आणि त्याहून वेगळा अख्ख्या सीझनचा, आणि हा सीझनचा रेट बऱ्याचदा वेबसाइटवर नसतोच, ऑफिसात फोन केला तरच कळतो. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी एरिया ठरवा, पार्क नंतर

फ्लोरिडा सगळ्यांच्या तोंडात असतं आणि म्हणूनच ते महाग. दक्षिण टोकाच्या कीज बेटांचा तर विषयच सोडा, मायामी-नेपल्सच्या बाजूलाही बजेटवाल्याने फार आशा ठेवू नये, समुद्रापासून आत, लेक ओकीचोबीच्या आसपास बघितलं तर जरा परवडतं.

स्वस्तात राहायचं तर माझं पहिलं मत टेक्सासच्या एकदम खालच्या टोकाला, रिओ ग्रांडे व्हॅलीला. मॅकअ‍ॅलन, मिशन, वेस्लाको, डॉना, हार्लिंजन, या पट्ट्यात स्नोबर्डसाठीचे पार्क एकाला एक लागून आहेत, आणि पार्क जास्त म्हणून रेट आटोक्यात. जानेवारीत दुपारी ७० फॅरनहाइटच्या आसपास, ग्रेपफ्रूटचा सीझन, रस्ते सपाट. थंडीची लाट येतच नाही असं मात्र नाही, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथेही सगळं गोठलं होतं आणि लाइट गेले होते, तेव्हा हीटरचा प्रोपेन गॅस भरलेला ठेवायचा.

दुसरा ऑप्शन अ‍ॅरिझोना. इथे नुसतं नाव बघून जाऊ नका, उंची बघा. युमा जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यामुळे जानेवारीतही दिवसा मस्त ऊन आणि रात्री सहसा गोठत नाही. बेन्सनला पार्क स्वस्त दिसतात पण ते गाव साडेतीन हजार फुटांच्या वर, जानेवारीत रात्री पाणी गोठतं आणि मग तुम्ही पाण्याच्या पाइपला हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, गुंडाळत बसता, गरम जागी आलो कशाला असं होतं. मेसा, अपाची जंक्शन या फीनिक्सच्या बाजूला स्विमिंग पूल, क्लब, डान्स हॉल असलेले मोठे रिसॉर्ट पार्क आहेत, छान आहेत पण परवडणारे म्हणता येणार नाही. त्यांचा एक फायदा म्हणजे चँडलर-टेंपीत इंडियन ग्रोसरी जवळ. टेक्सासच्या रिओ ग्रांडे व्हॅलीत जाणार असाल तर वाटेत ह्यूस्टनला हिलक्रॉफ्टवर थांबून तांदूळ, डाळी, मसाले, पोह्यांचा साठा करूनच खाली उतरा.

२. फोन कधी करायचा

चांगल्या पार्कातले जुने लोक मार्चमध्ये निघतानाच पुढच्या वर्षीची जागा पक्की करून जातात. म्हणून डिसेंबरात शोधायला बसलात तर तुमच्या वाट्याला कचऱ्याच्या डम्पस्टरशेजारची जागा येणार. एप्रिल-मेमध्ये फोन करा, ऑफिसातली बाई तेव्हा निवांत असते, नीट बोलते, वेटिंग लिस्टवर नाव टाकते. दुसरी संधी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कारण तेव्हा कॅन्सलेशन येतात, कोणाची तब्येत बिघडते, कोणी गाडी विकतं, कॅनडाचा डॉलर पडला की तिकडचे काही लोक येत नाहीत. तेव्हा आठवड्याला एक फोन करा, लाजायचं नाही.

आणि खरी गर्दी जानेवारी ते मार्च. तुम्हाला नोव्हेंबर-डिसेंबर चालत असेल तर जागा सहज मिळते, घासाघीसही होते, हवा तर तेव्हाच जास्त छान असते.

३. फोनवर काय विचारायचं

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप. नुसतं "मंथली किती" विचारून फोन ठेवायचा नाही, वही घेऊन बसा.

पहिला प्रश्न, वीज त्यात धरलीय की मीटरवर. महिन्याच्या रेटमध्ये जवळजवळ सगळीकडे वीज वेगळी असते, आणि तुम्ही रात्रभर इलेक्ट्रिक हीटर चालवणारे असाल तर बिल चांगलंच येतं. युनिटचा दर विचारा. मग विजेचं कनेक्शन ३० अँप की ५० अँप, सांडपाण्याचं सीवर जागेवरच आहे की टँक रिकामा करायला डंप स्टेशनला जावं लागतं, महिनोन्‌महिने राहायचं तर सीवर जागेवरच हवं, यात काटकसर करू नका.

मग तीन महिन्यांचा, चार महिन्यांचा रेट विचारा. कित्येक ठिकाणी तीन वेगवेगळे महिने भरण्यापेक्षा अख्खा सीझन घेतला तर फार जास्त पडत नाही. डिपॉझिट परत मिळतं का आणि कुठल्या तारखेपर्यंत, लवकर निघालो तर उरलेले पैसे बुडतात का, हे ईमेलवर लिहून मागा. वायफाय फुकट आहे असं म्हणाले तरी ऑफिसचं काम करणाऱ्याने त्याच्यावर विसंबू नये, स्वतःचं फोनचं हॉटस्पॉट किंवा स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट ठेवावं.

गाडीच्या वयाची अट आहे का ते पण विचारा, काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत, पण गाडी नीट ठेवली असेल तर फोटो पाठवा, बरेचदा हो म्हणतात.

आणि ५५ प्लसचा मुद्दा. स्वस्त आणि शांत पार्कांपैकी पुष्कळ ५५ प्लस असतात. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा ठिकाणी निदान ८० टक्के जागांमध्ये किमान एक जण ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा असावा लागतो. म्हणजे नवरा ५७ आणि बायको ५२ असेल तर या कायद्यात काहीच अडचण नाही, पण पार्क स्वतःचा नियम आणखी कडक करू शकतो. नाताळच्या सुट्टीत मुलं-नातवंडं येणार असतील तर पाहुण्यांना किती दिवस चालतं तेही आत्ताच विचारून ठेवा, नंतर वाद नको.

४. पार्कच नको असेल तर वाळवंट

सगळ्यात स्वस्त ऑप्शन हा, आणि आपल्या लोकांना फार माहीत नसतो. सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे बीएलएमने, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लाँग टर्म व्हिजिटर एरिया म्हणून जागा ठेवल्यात, १९८३ पासून. क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा, युमाजवळ इंपीरियल डॅम हे त्यातले मोठे. एक परमिट घ्यायचं आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, म्हणजे पूर्ण सात महिने, तिथे राहायचं. फी कित्येक वर्षं १८० डॉलर होती, दोन आठवड्यांचं छोटं परमिट ४० डॉलर. निघण्याआधी त्या वर्षीचा आकडा बीएलएमच्या साइटवर बघून घ्या. पण बघा ना, काही रिसॉर्टमध्ये एवढ्यात आठवडाही निघत नाही.

गोम अशी की वीज नाही, जागेवर नळ नाही, सीवर नाही. ला पोसाला पाणी भरायची, टँक रिकामा करायची, कचरा टाकायची सोय आहे पण ती एका ठिकाणी, तिथवर तुम्ही जायचं. म्हणजे सोलर पॅनल हवेत, बॅटऱ्या चांगल्या हव्यात, आणि पाणी जपून वापरायची सवय हवी. आपल्याकडे बादलीभर पाण्यात अंघोळ करून मोठे झालेल्यांना हे अजिबात जड जात नाही, शॉवरखाली अर्धा तास उभं राहणाऱ्या पुढच्या पिढीला जातं. शेजारी मात्र भारी मिळतात, संध्याकाळी खुर्च्या टाकून गप्पा, कोणी गिटार काढतं, आणि जानेवारीत क्वार्ट्झसाइटला आरव्हीचं मोठं प्रदर्शन आणि दगड-रत्नांचे बाजार भरतात तेव्हा गाव ओळखू येत नाही.

कॅलिफोर्नियात सॉल्टन सीजवळ स्लॅब सिटी म्हणून एकदम फुकट जागा आहे. बघायला जा, राहायला मी सांगणार नाही.

५. मेंबरशिप, पास आणि काम करून राहणं

एस्केपीज हा आरव्हीवाल्यांचा १९७८ पासूनचा क्लब, त्याच्या मेंबरांचे काही को-ऑप, म्हणजे मेंबरांच्याच मालकीचे, पार्क आहेत, उदाहरणार्थ अ‍ॅरिझोनात कासा ग्रांडे आणि बेन्सनला, तिथे मालक नसताना त्यांची जागा मेंबरांना कमी दरात मिळते. पासपोर्ट अमेरिका नावाची डिस्काउंट मेंबरशिप अर्ध्या किमतीत रात्र देते, पण ते प्रवासात उपयोगी, सीझनमध्ये मुक्कामाला बहुतेक पार्क ते चालवून घेत नाहीत. हे समजल्याशिवाय पैसे भरू नका.

तुम्ही ६२ किंवा त्याहून मोठे असाल आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर सरकारी पार्कांचा ८० डॉलरचा लाइफटाइम सीनियर पास आजच घ्या. सरकारी कॅम्पग्राउंडवर बऱ्याच ठिकाणी निम्मा रेट लागतो, फ्लोरिडात आर्मी कोअरची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर खात्याची, ऑर्टोना आणि सेंट लूसी ही कॅम्पग्राउंड त्यातलीच, फक्त तिथे सलग १४ दिवसांच्या वर राहू देत नाहीत आणि बुकिंग उघडल्या उघडल्या भरतं.

काही पार्क आठवड्याला ठरावीक तास काम करा आणि जागा फुकट घ्या असं देतात, वर्कॅम्पिंग म्हणतात त्याला. गेट सांभाळणं, ऑफिस, झाडलोट. सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर जरूर विचार करा. पण भारतातून आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि त्यांचाही वेळ जाईल, असला विचार चुकूनही नको, फुकट जागा हा पगारच धरला जातो आणि त्या व्हिसावर काम चालत नाही.

६. पैसे भरण्याआधी एकदा बघून या

फोटोवर जाऊ नका, फोटो सगळे पूलचे असतात. कँपेंडियम, द डर्ट, गूगल यावरचे रिव्ह्यू वाचा पण जानेवारी ते मार्चचे वाचा, जुलैत पार्क रिकामा असताना कोणीतरी पाच स्टार दिले त्याचा आपल्याला काय उपयोग. सॅटेलाइट मॅप उघडा आणि रेल्वेलाइन शोधा. युमा आणि बेन्सन दोन्हीकडे मालगाड्या जातात आणि त्यांचा भोंगा रात्री तीनला ऐकायची हौस असेल तर ठीक. पार्कातल्या दोन आरव्हींमध्ये अंतर किती तेही मॅपवर दिसतं. अगदी चिकटून असतील तर तुमच्या कुकरच्या शिट्ट्या आणि मिरचीची फोडणी शेजाऱ्याच्या घरात जाणार, बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे गाडीच्या कापडी छताखाली, शेगडी लावायला चालते का ते विचारून घ्या.

शक्य असेल तर पहिल्या वर्षी सीझनचे पैसे न भरता एक आठवडा घ्या, आजूबाजूचे दोन-चार पार्क पायी फिरून बघा, कपडे धुवायच्या खोलीत उभ्या असलेल्या बायकांना विचारा मॅनेजमेंट कशी आहे. इतकी खरी माहिती कुठल्या अ‍ॅपवर मिळत नाही.

७. निघायच्या आधी

थंडीतून निघताना पाण्याच्या लाइनमध्ये पाइप गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटीफ्रीझ तसंच राहू द्या, न गोठणाऱ्या भागात पोचलात की मग धुवून पाणी भरा, तोवर पिण्याचं पाणी कॅनमधून.

६५ च्या वरचे असाल तर इन्शुरन्स बघा. ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे थेट सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं, खाजगी कंपन्यांचं मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज बऱ्याचदा घराजवळच्या नेटवर्कला बांधलेलं असतं, इमर्जन्सी चालते पण टेक्सासात बसून साधी तपासणी करायला गेलात तर पैसे खिशातून जाऊ शकतात.

आणि बॉर्डरजवळ राहणार आहात, तेव्हा कागद जवळ. व्हॅलीतून उत्तरेकडे निघालं की फॅलफुरियस आणि सरीटाला बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात, ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड, पाहुण्यांनी पासपोर्ट गाडीतच ठेवायचा. दात किंवा चष्म्यासाठी स्वस्तात म्हणून लोक बॉर्डरपलीकडे मेक्सिकोत, युमाहून लॉस अल्गोडोनेसला आणि व्हॅलीतून न्यूवो प्रोग्रेसोला चालत जातात, ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही असेल तर तुम्हीही जा, पण आई-बाबांना नेण्याआधी त्यांच्या व्हिसावर परत येता येईल ना ते नीट तपासा.

जागा आवडली तर फेब्रुवारीतच ऑफिसात जाऊन पुढच्या वर्षीचं डिपॉझिट देऊन टाका, आणि जागेचा नंबर सांगूनच द्या, दुपारनंतर सावली कुठल्या बाजूला पडते ते तोवर तुम्हाला कळलेलं असतं.